निस्तरणार कोण?

आमच्या एका वेबसाइटचं लॉगिनचं पान उघडत नव्हतं. सर्व्हर चालू, डेटाबेस चालू, मेमरी भरपूर शिल्लक, लॉगमध्ये एकही एरर नाही. तरी ज्याला त्याला कोरं पान दिसायचं, आणि चाळीस-पन्नास सेकंदांनी सगळं आपोआप सुरळीत व्हायचं. तासाभरानं पुन्हा तेच. दोन दिवस आम्ही नेटवर्कला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी सापडलं. कुणी वार्षिक रिपोर्टचं बटण दाबलं की तो रिपोर्ट बनवणारं फंक्शन एकात एक तीन लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं) फिरवत बसायचं, आणि तेवढा वेळ बाकी सगळे ताटकळायचे. फंक्शन जेमतेम बारा ओळींचं. त्यात चूक म्हणावी असं काही नव्हतं. उत्तर बरोबर यायचं, फक्त सावकाश. वेबसाइटसाठी प्रोग्रामिंगची भाषा कशी निवडावी, याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

ती सिस्टीम नोडवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट भाषा चालवणाऱ्या अवजारावर, होती. नोडमध्ये आपण लिहिलेलं जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच ओळ चालवत, धावतं. डेटाबेसकडे काही मागितलं की नोड तिथे उभं राहत नाही, पुढच्या माणसाचं काम हाती घेतं, म्हणून एकच प्रोसेस (चालू प्रोग्राम) हजारो कनेक्शन सांभाळू शकते. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड लोकांसमोर ठेवलं तेव्हा त्याचं सगळं आकर्षण यातच होतं. पण या व्यवस्थेला एक अट आहे: कुणीही माइक फार वेळ धरून ठेवायचा नाही. आमच्या रिपोर्टनं माइक धरला होता.

हाच रिपोर्ट पीएचपी या दुसऱ्या भाषेत असता तर काय झालं असतं? ज्यानं बटण दाबलं त्याचं पान फिरत राहिलं असतं. पीएचपीत एका स्क्रिप्टला किती वेळ चालू द्यायचं याची मर्यादा मुळात ३० सेकंद असते, ती संपल्यावर त्याला एरर दिसली असती. त्यानं फोन करून सांगितलं असतं की वार्षिक रिपोर्ट येत नाहीये, आणि आम्ही पहिल्या तासातच वार्षिक रिपोर्टचा कोड उघडला असता. बिघाड तोच, पण पत्ता लागला असता. नोडमध्ये दुखणं पायाला होतं आणि कळ डोक्यात येत होती.

यावरून पीएचपी चांगली आणि नोड वाईट असं मला मुळीच म्हणायचं नाही. हजार लोक एकाच वेळी चॅटवर बसणार असतील तर मी नोडच घेईन. मला म्हणायचं आहे ते एवढंच की, ती सिस्टीम सुरू करताना भाषेवर तीन मीटिंगा झाल्या होत्या आणि तिन्हींत ‘हे मोडलं तर कसं मोडेल’ हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. वेग किती, नोकरीच्या बाजारात मागणी किती, कोड दिसतो किती सुबक, यांवर तावातावानं बोलणं झालं. या सगळ्या भाषा चालतात तेव्हा जवळजवळ सारख्याच चालतात. फॉर्म भरला, डेटाबेसमध्ये गेला, पान परत आलं. त्यांच्यातला खरा फरक मोडताना दिसतो. म्हणून भाषा निवडायची तर मोडण्याच्या बाजूनं निवडावी, असं माझं मत आहे, आणि ते मी आता जरा हट्टानंच मांडतो.

अशा भाषांना ‘स्क्रिप्टिंग भाषा’ म्हणतात, म्हणजे कोड आधी मशीन कोडमध्ये न बदलता लिहिला तसा चालवायच्या भाषा. या शब्दावरच हरकत घेणारे भेटतात. जावास्क्रिप्टचं तर धावता धावता मशीन कोडमध्ये रूपांतर होतं, मग ती स्क्रिप्टिंग कशी, वगैरे. तो वाद त्यांना लखलाभ. इथे मी पीएचपी, पायथॉन, रुबी, जावास्क्रिप्ट आणि थोडंसं पर्ल एवढ्यांबद्दल बोलतोय.

मोडण्यातला पहिला फरक प्रोसेसच्या आयुष्याचा. पीएचपीचा स्वभाव विसराळू. रिक्वेस्ट (ब्राउझरनं केलेली पानाची मागणी) आली, स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून सुरू झाली, पान दिलं, आणि सगळी व्हेरिएबल्स (माहिती ठेवायचे कप्पे) पुसून टाकली. पुढची रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर. १९९५ मध्ये रासमुस लेर्डोर्फ यांनी आपल्या वैयक्तिक पानांसाठी केलेली अवजारं खुली केली, तेव्हा त्यांच्या मनात काही थोर वास्तुरचना होती असं नाही. पण हा विसराळूपणा वरदान ठरला. नवशिक्यानं मेमरीत कचरा केला तरी तो रिक्वेस्टबरोबर झाडला जातो. एका माणसाची माहिती चुकून ग्लोबल, म्हणजे सगळ्या कोडला दिसणाऱ्या, व्हेरिएबलमध्ये राहिली तरी दुसऱ्याला दिसत नाही, कारण दुसऱ्याच्या वेळी ते व्हेरिएबलच नसतं.

पायथॉन आणि रुबीचे वेब सर्व्हर असं करत नाहीत. तिथे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) एकदा सुरू झाला की दिवसेंदिवस जगतो, आणि जगतो म्हणून त्याला आठवतं. मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या फाइलच्या, डोक्यावर एखादी रिकामी लिस्ट लिहिली आणि प्रत्येक रिक्वेस्टला तिच्यात एक नोंद टाकली, तर ती वाढतच जाते. पायथॉनच्या जगात गनिकॉर्न नावाचा सर्व्हर सर्रास वापरतात. त्यात एक सेटिंग आहे: अमुक इतक्या रिक्वेस्ट झाल्या की वर्करला निवृत्त करून नवा आणा. मेमरीच्या गळतीनं होणारं नुकसान आटोक्यात राहावं म्हणून दिलेली सोय आहे ती. म्हणजे अवजार करणाऱ्यांनीच मान्य केलंय की गळती होणार. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

पण आठवणीचा धोका मेमरीपुरता नाही. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्याच लोकांच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली आणि सेवा काही तास बंद ठेवावी लागली. कारण होतं रेडिस-पाय या पायथॉन लायब्ररीतला (इतरांनी लिहिलेल्या आयत्या कोडमधला) एक बग. रिक्वेस्ट पाठवली आणि उत्तर येण्याआधी ती मध्येच रद्द झाली, तर ते कनेक्शन न वाचलेलं उत्तर पोटात घेऊन पुन्हा सगळ्यांच्या वापरात जायचं, आणि पुढच्या माणसाला आधीच्या माणसाचं उत्तर मिळायचं. नऊ तासांच्या एका कालावधीत जे पैसे भरणारे ग्राहक सक्रिय होते, त्यांतल्या १.२ टक्के लोकांची पेमेंटशी संबंधित काही माहिती इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनीनं स्वतः जाहीर केली. हा बग कुणा नवख्याचा नव्हता. एकच कनेक्शन पाळीपाळीनं अनेकांनी वापरायचं आणि कामं मध्येच सोडून पुढे जायचं, या पद्धतीतच अशा मोडण्याची जागा आहे. त्या पद्धतीनं वेग मिळतो. त्याची किंमत काय, हे सुरुवातीच्या मीटिंगमध्ये कुणी फळ्यावर लिहीत नाही.

पीएचपीचा विसराळूपणाही फुकट नाही म्हणा. प्रत्येक रिक्वेस्टला सगळं मांडून पुन्हा आवरायचं म्हणजे वेळ जातो. शिवाय एका वेळी एक वर्कर एकाच माणसाचं काम करतो. वीस वर्कर असताना वीस जणांनी तो वार्षिक रिपोर्ट एकदम मागितला, तर एकविसावा लॉगिनच्या पानावर ताटकळणारच. पण ‘एकानं दाबलं तर सगळे अडकले’ आणि ‘विसांनी दाबलं तर अडकले’ यांत, रात्री फोन कुणाला येतो या दृष्टीनं, फार मोठं अंतर आहे.

दुसरा फरक मला त्याहून महत्त्वाचा वाटतो: भाषा ओरडून मोडते की गुपचूप?

पीएचपीत एका मजकुरात दुसरा मजकूर कुठे आहे हे शोधायला ‘स्ट्रपॉस’ नावाचं फंक्शन आहे. सापडलं तर जागेचा क्रमांक देतं, नाही तर ‘फॉल्स’. आणि क्रमांक शून्यापासून सुरू होतात. मजकूर अगदी सुरुवातीलाच सापडला तर उत्तर शून्य, आणि साध्या ‘इफ’ला शून्य म्हणजे खोटंच. त्यामुळे शोधलेली गोष्ट पहिल्याच जागी असली की प्रोग्राम म्हणतो, नाही सापडली. बाकी सगळीकडे सापडते. टेस्ट करताना माणूस शब्द वाक्याच्या मध्येच टाकून बघतो, त्यामुळे टेस्ट पास. मी स्वतः हा बग निदान तीनदा लिहिला आहे. एरर नाही, वॉर्निंग नाही, महिनाभर चुकीची यादी निघत राहते आणि सगळ्यांना वाटतं आकडे असेच असतात.

आठव्या आवृत्तीपर्यंत पीएचपीत शून्य हा आकडा आणि ‘अबक’ हा शब्द यांची तुलना केली तर दोन्ही समान आहेत असं उत्तर यायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० नं ते सुधारलं. म्हणजे कित्येक वर्षं हा गुपचूपपणा चालू होता.

आपल्या लिपीचंच उदाहरण घ्या. ‘मराठी’ या शब्दात अक्षरं किती? वाचणारा म्हणेल तीन. जावास्क्रिप्ट, रुबी आणि पायथॉन ३ म्हणतात पाच, कारण काना आणि वेलांटी त्यांना सुटी दिसतात. पीएचपीचं साधं लांबी मोजणारं फंक्शन म्हणतं पंधरा. ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची आजची रूढ पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. आता शीर्षक शंभराच्या आत कापायचं आहे. पीएचपीचं साधं फंक्शन शंभराव्या बाइटवर सुरी चालवतं. शंभर काही तिनानं भागत नाही, म्हणून शेवटचं अक्षर मधोमध चिरलं जातं आणि पानावर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. यासाठी वेगळी फंक्शन्स आहेत, ती वापरली तर काही अडत नाही. पण वापरली नाहीत तर भाषा हूं की चूं करत नाही. पायथॉन २ मध्ये असा बाइटांचा मजकूर युनिकोड (सगळ्या लिप्यांना क्रमांक देणारी पद्धत) मजकुराशी जोडला की प्रोग्राम कोसळायचा. 0xe0 हा बाइट आस्कीत (फक्त इंग्रजीपुरत्या जुन्या पद्धतीत) बसत नाही, अशी तक्रार करत. त्या एररनं छळलेल्यांची एक अख्खी पिढी आहे. मीही त्यातलाच. त्या वेळी पायथॉनचा राग यायचा, आज वाटतं तेच बरं होतं. ते निदान आमच्यासमोर कोसळत होतं. प्रश्नचिन्हाची चौकट मात्र थेट वाचणाऱ्याला दिसते आणि लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही.

पायथॉन म्हणजे साधूसंत, असंही नाही. एखाद्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर ते ती ओळ धावेपर्यंत कळत नाही, आणि एरर पकडण्यासाठी लिहिलेल्या ओळी वर्षानुवर्षं धावत नाहीत. अडचणीच्या रात्री त्या पहिल्यांदा धावतात, आणि त्यांच्यातच टायपो असतो. खऱ्या एररच्या वर दुसरी एरर. रुबीत याहून मजेदार प्रकार. कुठल्याही लायब्ररीला भाषेच्या मूळ क्लासमध्ये (तारीख, मजकूर यांसारख्या मूळ साच्यांत) नवी मेथड (त्या साच्याचं फंक्शन) घुसवता येते, आधीची बदलताही येते. रेल्स या रुबीतल्या फ्रेमवर्कची (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्याची) सगळी गोडी त्यावरच आहे, वाक्यं जवळजवळ बोलल्यासारखी लिहिता येतात. पण तारीख चुकतेय म्हणून तारखेचा कोड उघडावा, तर बदल केलेला असतो तिसऱ्याच फाइलमध्ये, तुम्ही कधी नावही न ऐकलेल्या जेममध्ये, म्हणजे रुबीच्या लायब्ररीत.

नोडचा या बाबतीतला प्रवास बघण्यासारखा आहे. एखादं प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या उत्तराची हमी) फसलं आणि ते कुणी हाताळलं नाही, तर पूर्वी नोड नुसती वॉर्निंग छापून पुढे जायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून अशा वेळी अख्खी प्रोसेस बंद पडते. खूप जणांना हा बदल जाचक वाटला. मला तो त्या वर्षातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

आणि टाइपस्क्रिप्ट? कुठल्या व्हेरिएबलमध्ये आकडा येणार, कुठल्यात मजकूर, म्हणजे त्याचा टाइप, आधीच लिहायला लावणारं हे जावास्क्रिप्टचं रूप. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते आणलं आणि त्यानं जावास्क्रिप्टमधला बराच गुपचूपपणा लिहितानाच उघड केला, हे खरं. आज नवा मोठा प्रोजेक्ट टाइपस्क्रिप्टशिवाय सुरू करायला मी तयार होणार नाही. पण त्याचे टाइप प्रोग्राम धावायच्या आधीच पुसले जातात. बाहेरून आलेल्या जेसनमध्ये (सिस्टीममध्ये देवाणघेवाण होणाऱ्या माहितीत) वयाच्या जागी ‘माहीत नाही’ असं आलं तरी टाइपस्क्रिप्ट तिथे पहाऱ्याला नसतं. कित्येक टीम या पहाऱ्याच्या भरवशावर दार उघडं ठेवून झोपतात.

तिसरा फरक म्हातारपणाचा. भाषा जुनी होताना तुमच्या जुन्या कोडशी कशी वागते?

पर्लची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण नव्या मुलांना ती ठाऊकही नसते. नव्वदच्या दशकात वेबवर काही हलतंबोलतं करायचं म्हणजे सीजीआय (सर्व्हरवर प्रोग्राम चालवायची जुनी पद्धत) आणि पर्ल, दुसरं नाव नव्हतं. २००० मध्ये पर्ल ६ ची घोषणा झाली. ती आवृत्ती आली डिसेंबर २०१५ मध्ये, आणि तोवर ती इतकी वेगळी झाली होती की २०१९ मध्ये तिचं नावच बदलून राकू ठेवलं. मधल्या काळात पर्ल ५ व्यवस्थित चालू होती, सुधारतही होती. पण ‘आता सहा येणार’ असं पंधरा वर्षं ऐकल्यावर नवा प्रोजेक्ट पाचवर कोण सुरू करणार? चालती भाषा नुसत्या प्रतीक्षेनं रिकामी झाली.

पायथॉननं वेगळा मार्ग धरला. डिसेंबर २००८ मध्ये ३.० आली आणि तिनं जुन्या कोडशी सरळ काडीमोड घेतला. छापण्याच्या साध्या ओळीलाही कंस लागू लागले, मजकुराची सगळी कल्पनाच बदलली. दुसऱ्या आवृत्तीचा आधार २०१५ मध्ये संपवायचं ठरलं होतं, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावा लागला. अकरा वर्षं. ज्यांनी २००७ मध्ये पायथॉन निवडलं त्यांना या अकरा वर्षांत कधी ना कधी बिल भरावंच लागलं. त्या बदलात पायथॉनची बाजू तत्त्वतः बरोबर होती, मजकुराचा घोळ असाच मुळातून काढायला हवा होता. पण तत्त्वाचा खर्च वापरणाऱ्यांनी केला.

पीएचपीलाही हेच साधायचं होतं. सहाव्या आवृत्तीत भाषेच्या पोटातच युनिकोड आणायचा बेत होता, काही वर्षं खपून २०१० मध्ये तो सोडून दिला. सहा हा आकडाच टाकला आणि डिसेंबर २०१५ मध्ये थेट सातवी आवृत्ती आली. तिचा वेग पुष्कळ ठिकाणी जवळजवळ दुप्पट होता, आणि त्यासाठी कोड जवळपास बदलावा लागला नाही. मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शन्स मात्र काढली, पण आधी काही वर्षं बजावून. म्हणून ‘मराठी’ची लांबी पीएचपीत आजही पंधराच आहे, आणि म्हणूनच दहा वर्षांपूर्वीचा पीएचपी कोड थोड्या डागडुजीनं आजही उभा राहतो. एकाच निर्णयाच्या या दोन बाजू आहेत. एक हवी आणि दुसरी नको, असं होत नाही.

जावास्क्रिप्ट या बाबतीत सर्वांत कर्मठ. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत केलेल्या भाषेत ‘नल’चा (काहीच नसल्याच्या खुणेचा) प्रकार विचारला तर ‘ऑब्जेक्ट’ असं उत्तर येतं. चूक आहे हे सगळ्यांना मान्य. ती सुधारायचा प्रस्तावही झाला आणि फेटाळला गेला, कारण त्या चुकीवर विसंबलेली जुनी पानं मोडली असती. भाषा इतकी निष्ठावंत. आणि तिच्याभोवतीची फ्रेमवर्क? ती दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतात. जावास्क्रिप्टमध्ये म्हातारी होते ती भाषा नव्हे, तुमची पॅकेजं, म्हणजे इतरांनी लिहिलेला आयता कोड.

पॅकेजांबद्दल थोडक्यातच, कारण ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्यानं नावाच्या एका वादातून एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून) काढून घेतलं आणि जगभरातली बिल्ड, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्राम बांधायची कामं, कोसळली. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं, एवढंच त्याचं काम. पुढच्याच वर्षी ती सोय भाषेत आली. ज्या भाषेची स्वतःची शिदोरी तुटपुंजी, तिचा प्रोजेक्ट अनोळखी माणसांच्या भरवशावर जास्त उभा. पायथॉनची शिदोरी या मानानं भरलेली आहे, तरी चोरट्या पॅकेजांचा त्रास तिथेही आहेच.

आता वेग. भाषेच्या प्रत्येक वादात कुणीतरी बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजलेल्या आकड्यांचा, तक्ता दाखवतो. समजा एक पान यायला ३०० मिलिसेकंद लागतात आणि त्यांतले २५० डेटाबेसची वाट बघण्यात जातात. दुप्पट वेगाची भाषा आणली तर २५ मिलिसेकंद वाचले. त्याच पानावर कुणी दोनशे नावांची यादी काढून प्रत्येक नावाचा पत्ता वेगळ्या क्वेरीनं (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नानं) मागवत असेल, तर २०१ क्वेरींची एक क्वेरी करून होणारी बचत कुठल्याही भाषेनं होणार नाही. ‘पण ट्विटरला रुबी सोडावी लागली ना?’ हो, त्यांनी मागचा बराच भाग स्काला आणि जावाकडे नेला. गिटहब आणि शॉपिफाय मात्र आजही रेल्सवर आहेत. फेसबुकनं पीएचपी सोडण्याऐवजी तिच्यासाठी आधी कंपायलर (कोड वेगानं चालेल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम) लिहिला आणि २०१४ मध्ये तिच्यातून हॅक ही भाषाच काढली. विकिपीडिया पीएचपीवर चालतो. वेगासाठी तो एचएचव्हीएम या फेसबुकच्या पीएचपी चालवणाऱ्या अवजारावर गेला आणि २०१९ मध्ये पीएचपी ७ वर परत आला. या गोष्टींतून निघालाच तर एवढाच अर्थ निघतो की, त्या आकाराला पोचल्यावर कुठलीही भाषा अपुरी पडते आणि तोवर ती बदलायला पैसा आलेला असतो. आपल्यातल्या बहुतेकांवर ही वेळ येत नाही.

ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आहेच, मग सर्व्हरवरही तीच घेऊ, म्हणजे एकाच भाषेत भागेल, हा मुद्दा मला पूर्वी पटायचा. फॉर्मची तपासणी दोन्हीकडे एकाच कोडनं होते, हा फायदा खराच आहे. पण ब्राउझरमधला कोड परक्याच्या हातात असतो आणि सर्व्हरवरच्या कोडनं त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. दोघांची भाषा एक झाली की हे भान सुटतं, असं मी बघितलंय. बटण पडद्यावरून लपवलं म्हणजे परवानगी काढून घेतली, असं समजून लिहिलेला सर्व्हर मी स्वतः दुरुस्त केलाय. लिहिणारा हुशार होता. तो सबंध दिवस एकाच भाषेत वावरत होता आणि मधली वेस त्याला दिसेनाशी झाली होती.

हे सगळं माहीत असणारी माणसं प्रत्येक टीममध्ये असतात. तरीही निवड चुकते, कारण निवडणारा आणि निस्तरणारा हे दोघं बहुधा वेगळे असतात. एका ठिकाणी टीमच्या प्रमुखानं त्या वर्षी गाजत असलेलं एक फ्रेमवर्क घेतलं, आठ महिन्यांत ते आपल्या बायोडेटात लिहिलं आणि त्या जोरावर दुसरीकडे गेला. त्याला दोष द्यावा असंही वाटत नाही. आमचं क्षेत्र नव्या नावांना पगार देतं, जुनी सिस्टीम पाच वर्षं न पडता चालवली म्हणून कुणाला बढती मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मागे राहिलेल्या दोघींनी ते फ्रेमवर्क तीन वर्षं ओढलं. त्यांतल्या एकीला पायथॉन उत्तम यायचं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्या मीटिंगला ती नव्हती, कारण तेव्हा ती आधीच्या कुणीतरी निवडलेलं काहीतरी निस्तरत होती.

आता यावर नवं उत्तर ऐकू येतं: कोड तर एआय लिहितो, मग भाषा कुठलीही घ्या. लिहितो खरा, आणि मीही त्याच्याकडून भरपूर लिहून घेतो. पण त्या बारा ओळींचं फंक्शन त्यानंही असंच लिहिलं असतं, सुबक आणि बरोबर. लॉगिनचं पान का उघडत नाही याचा शोध त्या फंक्शनपासून सुरू होत नव्हता, ही खरी अडचण होती.

म्हणून हल्ली मी मीटिंगमध्ये एक आगाऊपणा करतो. तुलनेचे तक्ते काढण्याआधी अर्धा दिवस मागून घेतो. जेवढ्या भाषा शर्यतीत असतील तेवढ्यांत एकच छोटं पान करायचं आणि मग ते मुद्दाम मोडायचं. एका रिक्वेस्टमध्ये चाळीस सेकंदांचा लूप टाकायचा आणि दुसऱ्या खिडकीत लॉगिन उघडतं का बघायचं. डेटाबेस मध्येच बंद करायचा. आकड्याच्या जागी मजकूर पाठवायचा. देवनागरी शीर्षक कापायचं. आणि हे ज्यानं केलेलं नाही अशा माणसाला नुसता लॉग दाखवून विचारायचं, सांग काय झालं. यात वेगाचा तक्ता निघत नाही, पण कुठली भाषा आपल्या माणसांना समजेल अशा आवाजात ओरडते ते कळतं. दर वेळी निकाल वेगळा येतो, कारण माणसं वेगळी असतात.

आमचा तो जुना प्रोजेक्ट अजून नोडवरच आहे. भाषा बदलून सगळं नव्यानं लिहू, असा प्रस्ताव आला होता, मी विरोध केला. रिपोर्टचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकलं, दीड दिवस लागला. नोडच्या मोडण्याची तऱ्हा आता आम्हाला पाठ झाली आहे, आणि पाठ झालेलं मोडणं नव्या भाषेतल्या अनोळखी मोडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मागच्या महिन्यात नव्या कामाची पहिली मीटिंग होती. फळ्यावर तीन नावं होती, पायथॉन, नोड आणि रुबी, आणि प्रत्येकाची वकिली करणारं कुणी ना कुणी होतं. रुबीची तर फारच छान झाली, मलाही मोह पडला. मग मी खडू घेऊन शेजारी आणखी एक रकाना आखला: रात्री दोन वाजता हे पडलं तर फोन कुणाला करायचा. ज्यानं त्यानं उठून आपलं नाव लिहावं, असं सांगितलं. पायथॉनसमोर दोन नावं आली, नोडसमोर एक. रुबीसमोरची जागा कोरीच राहिली. वकिली करणाऱ्यानं खडू हातात घेतला, थोडा वेळ फळ्याकडे बघत उभा राहिला, आणि पायथॉनसमोर तिसरं नाव लिहून जागेवर जाऊन बसला.